मिठाचा हिशेब

वहीचं पहिलं पान अजून शाबूत आहे. पट्टीनं आखलेले आठ रकाने: अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, पीएच, अल्कलिनिटी, कॅल्शियम, मॅग्नेशियम, फॉस्फेट. प्रत्येकाखाली दोन रंगांच्या शाईत आकडे. आणि वरच्या कोपऱ्यात, तारखेला खेटून, पेन्सिलनं बारीक अक्षरात खरडलेलं: ‘मीठ १.०२६. ठीक.’

मिठाला मी रकानाच दिला नव्हता. समुद्री टाकी, म्हणजे घरातलं खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय, ठेवायला निघालेल्या माणसानं आठ गोष्टींसाठी पट्टी घेऊन रकाने आखावेत आणि समुद्राला ज्यामुळे समुद्र म्हणायचं ती गोष्ट कोपऱ्यात उरकून टाकावी, याचं आज हसू येतं. तेव्हा मात्र त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. मिठात कसली आलीय परीक्षा? पुडा फोडायचा, पाण्यात कालवायचं, काटा बघायचा.

पाणी तपासायची मोठी पेटी मी टाकीच्या आधी आणली होती. झाकण उघडलं की बाटल्यांच्या दोन रांगा, चार काचेच्या नळ्या, चमचा, सिरिंजा आणि रंगांच्या पट्ट्या छापलेलं जाड कार्ड. ती पेटी बघूनच आपण अर्धे शास्त्रज्ञ झाल्यासारखं वाटायचं. टाकीतलं पाणी नितळ दिसतं आणि ते नितळ दिसणं काहीच सांगत नाही, ही या छंदातली पहिली धास्ती. जे दिसत नाही ते सगळंच मोजून टाकू, असं माझं धोरण होतं. जेवढी परीक्षणं जास्त तेवढा धोका कमी, हा हिशेब मला अगदी बिनचूक वाटत होता.

पहिल्या महिन्यात पेटीनं खरोखर काम केलं, तिचा तो मान काढून घेत नाही. कोरड्या खडकावर, वाळूवर जिवाणूंची वस्ती बसेपर्यंत टाकीत मासा सोडायचा नसतो. माशांच्या विष्ठेतून, कुजणाऱ्या अन्नातून अमोनिया होतो, काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. ही साखळी बसायला बहुधा चार ते सहा आठवडे जातात आणि तिथं ‘पी हळद हो गोरी’ चालत नाही. समुद्री टाकीत अमोनियाची भीती जास्त, कारण पाणी अल्कधर्मी. पीएच ७ असलेल्या गोड्या पाण्यात एकूण अमोनियाचा एक टक्काही विषारी, मुक्त रूपात नसतो. पीएच ८.२ ला तोच भाग सात-आठ टक्क्यांवर जातो. म्हणून अमोनियाचं किट हवंच, आणि ते खाऱ्या पाण्यात चालणारं हवं. त्याच्याकडून बारीक आकड्याची अपेक्षा मात्र नको. आहे की नाही, चढतोय की उतरतोय, एवढं कळलं तरी पुरे.

नायट्राइटबद्दल मी विनाकारण जागलो. गोड्या पाण्यात ते माशांचा जीव घेतं, हे वाचलेलं डोक्यात पक्कं बसलं होतं. खाऱ्या पाण्यात क्लोराइड इतकं प्रचंड असतं की कल्ल्यांतून आत शिरायच्या शर्यतीत नायट्राइट मागे पडतं, आणि त्याचा जाच कितीतरी कमी होतो. उलट ते दुसरीच खोडी करतं. नायट्रेटची बहुतेक किटं आधी नायट्रेटचं नायट्राइट करतात आणि मग त्या नायट्राइटला रंग आणतात. पाण्यात मुळातच नायट्राइट असेल तर रंग भलताच गडद येतो आणि नायट्रेट वाढलं म्हणून आपण कपाळाला हात लावतो. मी लावला होता.

नायट्रेटच्या किटचा दुसरा किस्सा त्याहून लाजिरवाणा. साखळी बसली, दोन क्लाउनफिश आले, आणि नायट्रेट महिनाभर शून्य. मी खूश. आपली टाकी किती स्वच्छ! मग एका संध्याकाळी मुलगी शेजारी येऊन बसली. अकरा वर्षांची, बाटलीवरचं सगळं वाचायची खोड असलेली.

“बाबा, ही बाटली तीस सेकंद जोरात हलवायची असं लिहिलंय.”

“हलवली की.”

“तुम्ही नुसती उलटी केलीत.”

तिनं बाटली घेतली आणि अशी घुसळली की आतून खळखळ ऐकू आली. तळाशी बसलेली पूड पहिल्यांदाच वर आली असावी. नायट्रेटचं नायट्राइट करण्याचं काम तीच पूड करते, ती तळाशी राहिली की रंग येतच नाही. पाच मिनिटांनी नळीत लालसर रंग उतरला. कार्डाशी लावला तर २० पीपीएम, म्हणजे दशलक्षात वीस भाग. माझी महिनाभराची स्वच्छता त्या बाटलीच्या बुडाशी गाळ होऊन बसली होती.

तेव्हापासून रंग बघायचं काम तिच्याकडे गेलं. माझे डोळे संध्याकाळच्या उजेडात पिवळा आणि पोपटी यांत घोटाळा करतात. पुरुषांमध्ये लाल-हिरव्यात गफलत होण्याचं प्रमाण बायकांपेक्षा बरंच जास्त असतं, आणि पुष्कळांना ते कधी कळतही नाही. त्यात मी टाकीच्या निळ्या दिव्याखालीच नळी धरायचो. निळ्या उजेडात कुठलाही रंग खरं बोलत नाही. नळी खिडकीशी न्यावी, मागे पांढरा कागद धरावा, आणि निर्देशात वरून बघा म्हटलं असेल तर वरूनच बघावं. किट कुठलं घ्यावं यावर लोक तासन्‌तास वाद घालतात, नळी कुठे धरावी यावर कोणी अवाक्षर काढत नाही.

तिसऱ्या महिन्यात कोरल, म्हणजे प्रवाळ, आले. झोआंथिड या मऊ कोरलचा एक छोटा पुंजका आणि हॅमर नावाचं दोन तोंडांचं एक कोरल. हॅमर कठीण सांगाड्याचं, नवशिक्यानं इतक्या लवकर आणायला नको होतं, पण नव्याचे नऊ दिवस चालू होते. झोआंथिडनं तोंड मिटलं ते उघडेचना. हॅमरची एरवी फुगीर असणारी टोकं आक्रसून सांगाड्यात गेली. मी पेटी उघडली. अमोनिया शून्य. नायट्रेट दहा. पीएच ८.१. अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल पचवायची ताकद, मुख्यतः त्यातल्या कार्बोनेटांमुळे येणारी, ७.६ डीकेएच (हे तिचं एकक), नैसर्गिक समुद्राच्या सातपेक्षा किंचित वरच. सगळं उत्तम. मग कॅल्शियम केलं: ३५०. मॅग्नेशियम: १०९०.

सापडला गुन्हेगार! समुद्रात कॅल्शियम साधारण ४१५ पीपीएम, मॅग्नेशियम १२९० च्या आसपास असतं. कोरलचा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा आणि पाण्यात कॅल्शियमच कमी, याहून सरळ कारण काय असणार? मी कॅल्शियम क्लोराइडची पूड आणली आणि मोजून-मापून, रोज थोडी अशी टाकत गेलो. चौथ्या दिवशी कॅल्शियम ३८० झालं. झोआंथिड मिटलेलंच. हॅमरच्या एका तोंडाची कड पांढरी पडायला लागली.

ओळखीचे एक गृहस्थ आहेत, वीसेक वर्षं रीफ, म्हणजे कोरलच्या टाक्या सांभाळलेले. त्यांना फोन केला. आकडे धडाधड वाचून दाखवले.

“पूड टाकायच्या आधी कॅल्शियम किती होतं?”

“साडेतीनशे.”

“मॅग्नेशियम?”

“एक हजार नव्वद.”

पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाले, “मीठ कशानं मोजतोस?”

“हायड्रोमीटर आहे. काट्याचा. एक पूर्णांक शून्य सव्वीस.”

“त्याला टिचकी मारून बघ. मी धरतो.”

हायड्रोमीटर पाण्याची घनता मोजतो, आणि १.०२६ म्हणजे शुद्ध पाण्याच्या तितक्या पट जड. त्याच्या प्लॅस्टिकच्या चपट्या डबीत पाणी भरलं. आतला काटा डौलात १.०२६ वर जाऊन थांबला. टिचकी मारली. काट्याच्या पाठीला चिकटलेले दोन-तीन बारीक बुडबुडे सुटून वर गेले आणि काटा १.०२४ वर उतरला. बुडबुडे त्याला उचलून धरत होते. त्यांनी पाण्याची बाटली घेऊन यायला सांगितलं. त्यांच्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर दोन थेंब टाकले, मी डोळा लावला. निळ्या-पांढऱ्याची सीमा साडेएकोणतीसवर होती. हवी होती पस्तीसवर, म्हणजे हजार भागांत पस्तीस भाग क्षार. म्हणजे सापेक्ष घनता जेमतेम १.०२२. बुडबुडे गेल्यावरही माझा काटा थापच मारत होता.

“आता भागाकार कर,” ते म्हणाले. “साडेतीनशेला चारशे पंधरानं भाग. एक हजार नव्वदला बाराशे नव्वदनं.”

दोन्ही उत्तरं ०.८४. आणि साडेएकोणतीस भागिले पस्तीस? तेही ०.८४.

कॅल्शियम कमी नव्हतं, मॅग्नेशियम कमी नव्हतं. समुद्रच पातळ होता. आणि मी चोर सोडून संन्याशाला फाशी देत होतो, तीही रोज थोडी थोडी. अल्कलिनिटीचा ७.६ हा आकडा तर सर्वांत लबाड निघाला. माझं मीठ पूर्ण ताकदीचं कालवलं असतं तर ती नऊच्या आसपास आली असती. पातळ झाल्यामुळे ती नेमकी शहाण्यासारख्या दिसणाऱ्या आकड्यावर येऊन बसली होती.

त्या भागाकारामागची गोष्ट मला नंतर कळली, आणि या छंदात वाचलेल्या सगळ्या गोष्टींत ती मला सगळ्यात आवडते. १८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ नावाचं ब्रिटिश जहाज जगभरच्या समुद्रांतून फिरलं. त्यानं आणलेल्या पाण्यांपैकी ७७ नमुने विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञानं बारकाईनं तपासले आणि १८८४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. खारटपणा जागोजागी कमी-जास्त, पण त्यातल्या मुख्य घटकांचं एकमेकांशी प्रमाण जवळजवळ सगळीकडे तेच. कुठलाही महासागर घ्या, सोडियम, क्लोराइड, मॅग्नेशियम, कॅल्शियम आपापल्या वाट्याला चिकटून. अलेक्झांडर मार्सेट यानं १८१९ मध्येच असा तर्क मांडला होता, डिटमारनं तो आकड्यांनिशी पक्का केला. एका थेंबातून प्रकाश किती वळतो एवढंच बघून रिफ्रॅक्टोमीटर अख्ख्या समुद्राची क्षारता सांगू धजतो, तो याच भरवशावर. आणि उलट दिशेनं, दोन-तीन घटक एकाच प्रमाणात कमी दिसले तर त्यांच्यावर एकेक करून उपचार करायचे नसतात, हेही त्यातच आलं. माझ्या आठ रकान्यांना हे माहीत होतं. मला दिसत नव्हतं.

मीठ मी एकदम वाढवलं नाही. बाष्पीभवनात फक्त पाणी जातं, मीठ मागे राहतं, म्हणून रोज घटलेली पातळी एरवी शुद्ध पाण्यानं भरायची असते. तीच मी काही दिवस खाऱ्या पाण्यानं भरली आणि दिवसाला साधारण एका एककाहून जास्त चढू दिलं नाही. आठवडाभरात पस्तीस. कॅल्शियम आता माझ्या पुडीसकट ४५० ला जाऊन पोचलं होतं. झोआंथिड तिसऱ्या दिवशी उघडलं, डिशअँटेनांच्या गर्दीसारखं. हॅमरचं एक तोंड वाचलं, दुसरं गेलं.

म्हणून आता कोणी विचारलं की पाणी तपासायला पहिलं काय घेऊ, तर मी आधी मिठाबद्दल बोलतो, आणि समोरच्याचा चेहरा पडतो. त्याला बाटल्यांची पेटी हवी असते.

काट्याचा हायड्रोमीटर माझा शत्रू नाही. टिचकी मारली, वापरल्यावर गोड्या पाण्यानं धुतला, आणि एकदा खात्रीच्या उपकरणाशी ताडून त्याची चूक किती ते लिहून ठेवलं, तर बादलीतल्या पाण्याचा अंदाज तो देतो. काचेचा तरंगता हायड्रोमीटर त्याहून भरवशाचा, फक्त तो ठरावीक तापमानासाठी आखलेला असतो आणि वाहत्या टाकीत डुलत राहतो, शांत भांड्यात पाणी काढूनच वाचावा लागतो. रिफ्रॅक्टोमीटर दिसायला सगळ्यांत शास्त्रीय, आणि म्हणूनच फसवायलाही. बाजारातले बरेच रिफ्रॅक्टोमीटर मुळात मिठाच्या साध्या द्रावणासाठी, म्हणजे निव्वळ सोडियम क्लोराइडसाठी आखलेले असतात. ३५ क्षारतेच्या समुद्राच्या पाण्यातून प्रकाश जितका वळतो तितका वळवायला निव्वळ मिठाचं द्रावण साडेछत्तीसचं लागतं. म्हणजे असा रिफ्रॅक्टोमीटर शुद्ध पाण्यानं शून्यावर आणून ठेवला आणि त्यावर पस्तीस बघून समाधान मानलं, तर टाकी खरी साडेतेहतीसच्या आसपास असते. शून्यावर बरोबर असलेला माणूस पस्तिसाव्या पायरीवरही बरोबर असेलच असं नाही.

यावर इलाज सोपा. कॅलिब्रेट, म्हणजे उपकरणाची जुळवणी, शून्यावर न करता ३५ च्या प्रमाणित द्रावणानं करायची. त्याची छोटी बाटली तयार मिळते. घरी करायचं झालं तर नेमका तराजू हवा: साडेछत्तीस ग्रॅम शुद्ध, कोरडं सोडियम क्लोराइड आणि ९६३.५ ग्रॅम शुद्ध पाणी. हे द्रावण रिफ्रॅक्टोमीटरला ३५ च्या समुद्रासारखंच दिसतं. बाटलीचं झाकण घट्ट ठेवायचं, कारण त्यातलंही पाणी उडतं, आणि मग आपलं प्रमाणच वर सरकतं. द्रावण, उपकरण आणि नमुना तिन्ही एकाच खोलीत जरा वेळ ठेवावीत. ‘तापमान आपोआप जुळवतो’ असं लिहिलेलं असलं तरी टाकीतला गरम थेंब टाकल्या टाकल्या वाचायची घाई करू नये, अर्धा मिनिट थांबावं. वाहकता मोजणारं इलेक्ट्रॉनिक पेनही चांगलं. समुद्राच्या पाण्याची वाहकता २५ अंशांना सेंटीमीटरमागे ५३ मिलिसीमेन्सच्या जवळ असते. पण त्यालाही स्वतःच्या प्रमाणित द्रावणाशी अधूनमधून ताडावंच लागतं.

समुद्रशास्त्रज्ञही यातून सुटलेले नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मार्टिन क्नुडसेन या डॅनिश शास्त्रज्ञाच्या पुढाकारानं कोपनहेगनमधून काचेच्या नळ्यांत सीलबंद केलेलं प्रमाणित समुद्राचं पाणी जगभरच्या प्रयोगशाळांना जाऊ लागलं. प्रत्येकानं आपापलं मोजमाप त्या एकाच पाण्याशी जुळवायचं. माझ्या कपाटातली ती ३५ लिहिलेली बाटली त्या नळ्यांची फार दूरची, गरीब नातेवाईक. पण नातं आहे.

मिठाइतकंच सोपं आणि मिठाइतकंच दुर्लक्षित म्हणजे तापमान. दोन थर्मामीटर ठेवा, वेगवेगळ्या बनावटीचे. पंचवीस-सव्वीस अंशांवर टाकी सुखात असते. हीटर अडकून राहिला की वहीतला कुठलाच रासायनिक रकाना ते सांगणार नाही. शुद्ध पाण्यासाठी टीडीएस मीटर, म्हणजे विरघळलेले क्षार दाखवणारा मीटर, घ्या, आरओ आणि त्यापुढच्या रेझिनमधून आलेलं पाणी शून्य दाखवतंय ना एवढं बघायला. टाकीतल्या खाऱ्या पाण्यात तो बुडवू नका, ते त्याचं गावच नव्हे.

मग बाटल्यांकडे वळायचं. त्यांतही माझा क्रम आता बदललाय. पहिली अल्कलिनिटी.

याचं कारण पुन्हा भागाकारातच आहे. कोरल सांगाडा बांधतं तेव्हा ते कॅल्शियम आणि कार्बोनेट दोन्ही उचलतं, ठरलेल्या जोडीनं. अल्कलिनिटी १ डीकेएचनं उतरली तर कॅल्शियम उतरतं साधारण ७ पीपीएमनं. आठातून एक गेला तर लगेच दिसतो, रंग बदलायला लागणारे थेंबच कमी होतात. चारशे पंधरातून सात गेले तर घरगुती किटला पत्ताही लागत नाही, त्याची एकेक पायरीच पाच-दहाची असते आणि चूक त्याहून मोठी. कोरलांनी जेवायला सुरुवात केली की नाही हे आधी अल्कलिनिटी सांगते, कॅल्शियम फार उशिरा. मॅग्नेशियम तर इतकं हळू हलतं की महिन्यातून एकदा विचारपूस केली तरी ते रागावत नाही. आणि टाकीत नुसते मऊ कोरल असतील तर नियमित पाणी बदलण्यातच या तिघांचंही बऱ्यापैकी भागतं.

अल्कलिनिटीचं थेंबांचं किट मला आवडतं. सिरिंजनं पाणी मोजायचं, रंगाचे थेंब टाकायचे, मग दुसऱ्या सिरिंजनं आम्ल थेंब थेंब सोडत नळी हलवत राहायची. एका थेंबाला निळा रंग ढळतो, गुलाबी येतो, आणि हात थांबतो. इथं रंगाची छटा ओळखायची नसते, रंग बदलण्याचा क्षण पकडायचा असतो, आणि ते माझ्यासारख्या डोळ्यांनाही जमतं. सॅलिफर्टसारख्या किटांत सिरिंजमध्ये किती उरलं यावरून आकडा काढतात. सिरिंज दट्ट्याच्या रबराच्या खालच्या कडेला वाचायची, टोकाशी हवेची पोकळी दिसली तरी घाबरायचं नाही. बाटली उभी धरूनच थेंब पाडायचा, तिरक्या बाटलीचा थेंब लहान-मोठा होतो. रोज एकाच वेळी, एकाच किटनं, शक्यतो एकाच माणसानं. माझं किट शंभर टक्के खरं बोलतंय का, यावर मी आता भांडत नाही. ते रोज सारखंच खोटं बोलत असेल तरी मला चालतं, कारण मला उतार बघायचा असतो. मात्र आवडतं म्हणून आंधळा विश्वास नाही. नवीन पाकीट उघडलं की जुन्या आणि नव्या बाटलीनं एकाच पाण्याचं मोजमाप करतो. बाटलीवर उघडल्याची तारीख लिहितो, कारण छापलेली मुदत बंद बाटलीची असते.

विजेचं यंत्र घ्यावं असं मला एकाच ठिकाणी मनापासून वाटतं, आणि ते म्हणजे फॉस्फेट. रीफ टाकीत लोक ते ०.०३ ते ०.१ पीपीएमच्या पट्ट्यात ठेवायला बघतात. कार्डावरच्या पहिल्या दोन चौकोनांत शून्य आणि ०.२५ लिहिलेलं असेल, तर आपला सगळा संसार त्या दोन चौकोनांच्या मधल्या पांढऱ्या जागेत. तिथं अतिफिकट निळ्याच्या दोन छटा वेगळ्या करायला डोळा अपुराच. हॅना कंपनीचे मुठीत मावणारे चेकर किंवा तसली उपकरणं नळीतून प्रकाश सोडून तो किती शोषला गेला ते मोजतात. त्यांतल्या एका प्रकारात मेख आहे. तो फॉस्फेट दाखवत नाही, फॉस्फरस दाखवतो, अब्जांश भागात. त्याला ३.०६६ नं गुणून हजारानं भागायचं. वीस दिसलं तर ०.०६. मी पहिल्यांदा ‘वीस’ वाचून घाम पुसला होता. नळीवर बोटाचा ठसा असला तरी आकडा हलतो, म्हणून कापडानं पुसायची, आणि धुवायला साबण नाही, नुसतं शुद्ध पाणी.

आणि शून्य आलं तर टाळ्या वाजवायच्या नाहीत. नायट्रेट, फॉस्फेट दोन्ही शून्याला टेकलेल्या टाकीत कोरल फिके पडतात आणि डायनोफ्लॅजेलेट नावाचे तपकिरी चिकट सूक्ष्मजीव वाळूवर चादर पांघरतात. गोड्या पाण्यातून आलेल्या माझ्यासारख्याला हे पचायला वेळ लागला. तिथं नायट्रेट शून्य म्हणजे कौतुक, इथं उपासमार.

पीएचबद्दल माझं मत लोकांना आवडत नाही. १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेनसेननं ही मोजपट्टी काढली, तिचं मोल मी कमी करत नाही. पण घरच्या टाकीत पीएचचा आकडा बहुतेकदा टाकीपेक्षा खोलीची बातमी देतो. दिवसा दिवे लागले की चढतो, पहाटे तळ गाठतो. दारं-खिडक्या बंद करून चार माणसं बसली की कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि पीएच खाली. मी पीएच पेन घेतलं, ७ आणि १० च्या द्रावणांनी कॅलिब्रेट केलं, आणि पंधरा दिवस खोलीतल्या माणसांची हजेरी घेत बसलो. मग त्याची काचेची घुंडी एकदा कोरडी राहिली आणि पेन मेलं. ती सतत तिच्या साठवणीच्या द्रावणात ओली ठेवायची असते, साध्या शुद्ध पाण्यातसुद्धा नाही. नवीन घेतलं नाही. खिडकी उघडतो.

खिडकीवरून आठवलं. १८४६ मध्ये ॲना थिन नावाच्या बाईंनी इंग्लंडमधल्या टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत कोरल लंडनला आणले आणि घरात जगवले. त्यांच्याकडे ना रिफ्रॅक्टोमीटर होता ना बाटल्या. समुद्राचं पाणी पुन्हा आणायची सोय नव्हती तेव्हा त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीसमोर उभी राहून तेच पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत राहायची, अर्धा-पाऊण तास. हवा खेळवायचं यंत्र म्हणजे एक बाई आणि तिचे दोन हात. माझ्या डोळ्यांपुढे ॲनाबाई येत नाहीत, ती मोलकरीणच येते. तिला कोणी सांगितलं असेल का, की हे का ओतायचं?

बाकीच्या गोष्टी नवशिक्यानं खुशाल मागे ठेवाव्यात. तांब्याचं किट आजारी माशाला वेगळ्या टाकीत औषध देताना लागतं. रीफमध्ये अपृष्ठवंशीयांना घातक ठरणारी मात्रा इतकी सूक्ष्म असते की साधं किट शून्यच दाखवेल. पाण्याची कुपी प्रयोगशाळेत पाठवून आयसीपी यंत्रावर डझनावारी मूलद्रव्यं मोजून घेता येतात. वर्षभरानं, काहीतरी बिनसलंय आणि कळत नाही अशा वेळी ते बरं. पहिल्या महिन्यात तो अहवाल हातात आला तर मी आठाऐवजी चाळीस रकाने आखले असते. कागदी पट्ट्यांबद्दल काय बोलावं. प्रवासाला गेल्यावर शेजाऱ्याच्या हाती द्यायला ठीक.

एक नियम मात्र मी भिंतीवर चिकटवलाय: जे मोजत नाही ते टाकायचं नाही. त्याखाली मुलीनं तिच्या अक्षरात भर घातलीय, ‘आणि एकदाच मोजून टाकायचं नाही.’ आकडा विचित्र आला की आम्ही नळी धुऊन पुन्हा करतो, ती एकदा, मी एकदा. दोघांचा जुळला तरच पुढचं.

आज शनिवार. मीठ ३५. अल्कलिनिटी ८.३, बुधवारी ८.६ होती. हॅमरला आता पुन्हा दोन तोंडं झालीत, दुसरं अजून नखाएवढं. कॅल्शियमच्या बाटलीची मुदत पुढच्या महिन्यात संपतेय. इतके दिवस ती जवळजवळ न वापरता पडून होती आणि नवीन घेऊच नये असं मी ठरवूनही टाकलं होतं. पण आठवड्याला जवळपास पाऊण डीकेएच जातोय, वाढत जाईल. मुलीनं यादीत लिहिलंसुद्धा: कॅल्शियम किट, छोटं.